धाकट्या राणीचा वाडगा

४ फेब्रुवारी १९५७
आज पुन्हा वाडगा. वाडीवरच्या माळ्यांच्या कुसुमची हळद. ही पोर माझ्या हाताखाली बाराखडी शिकली आणि आज तिच्या हळदीला वाडगा घेऊन मी उभी. हळद आमच्या घरी कालवायची, आमच्या पिवळ्या वाडग्यात भरायची आणि आमच्याच घरच्या बिनलग्नाच्या मुलीने ती न्यायची. त्याशिवाय या आळीत लग्न लागत नाही. सातव्या वर्षी पहिल्यांदा नेला तेव्हा काय ऐट होती माझी! आता अठ्ठाविसावं सरलं.
कुसुमच्या आत्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "अजून तूच का गो?"
म्हटलं, "हो. वाडगाही टिकलाय, मीही."
सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना मात्र पाय आपटत आले. एकदा तरी मी पाटावर बसावं आणि वाडगा दुसऱ्या कुणीतरी आणावा, असं वाटतं. वाटतं तर वाटतं. लिहून टाकलं, बरं वाटलं.
वाडग्यातून नारळ आला (रिकामा परत करत नाहीत). चटणी वाटली. आप्पा एक भाकरी जास्त जेवले.

८ फेब्रु.
शाळेत मधल्या सुट्टीत गंमत. पोरी किल्ल्याच्या भिंतीपाशी ठिकरीचा डाव मांडून बसल्या होत्या. समुद्राच्या वाळूत जुन्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडतात, त्यांच्याच ठिकऱ्या. बघते तर एक चष्मेवाला गृहस्थ गुडघ्यांवर बसून पोरींपुढे हात जोडतोय. "ही दे ना मला. पेपरमिंट देतो." आधी वाटलं, वेडा आहे. मग कळलं, मुंबईच्या कुठल्याशा संग्रहालयात असतो, जुन्या चिनी भांड्यांचा अभ्यास करतो. नाव कारखानीस. बोटीने आला आणि बोट लागल्यामुळे चेहरा अजून दोडक्याच्या रंगाचा.
पोरींनी पेपरमिंटं घेतली, ठिकऱ्या दिल्या आणि वर चोंबडेपणा. "आमच्या बायच्या घरी अख्खा वाडगा हाय!"
गृहस्थ ताडकन उभा. चष्मा वाळूत.
रविवारी बघायला येतो म्हणाला. या म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

९ फेब्रु.
मुंबईचा माणूस येणार हे शेजारच्या गोदाकाकूंना कळलं आणि त्या पदर खोचून हजर. "एवढा मोठा माणूस येणार आणि वाडगा हा असा पिवळाधमक! लाज जाईल आळीची." काकू दिवसभर घासत होत्या. आधी राख, मग चिंच, मग नारळाची शेंडी. मूळचा पांढरा असणार, पिढ्यान्‌पिढ्या हळद मुरून पिवळा झालाय, असं सगळी आळी म्हणते. मीही लहानपणापासून तेच मानत आले. पिवळा रंग काही हलला नाही. संध्याकाळी काकू हात टेकून म्हणाल्या, "शालू, तुमची हळद अस्सल हो." 

१० फेब्रु., रविवार
आज हसून हसून पोट दुखतंय. आणि पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे. सगळं क्रमाने लिहिते.
कारखानीस (पुढे नुसतं का. लिहिते) नऊ वाजताच आले. आप्पांची पहिली चौकशी, कारखानीस म्हणजे कुठले? मूळचे तळे गावचे. झालं! आईचं माहेर तळं. आप्पांनी स्वतःची आरामखुर्ची दिली. ती ते सिव्हिल सर्जनलासुद्धा देत नसत.
वाडगा समोर ठेवला. काकू अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "कालपासून घासतेय हो, पण हळद जात नाही."
का. नी काकूंकडे पाहिलं. वाडग्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि डोळे मिटले. आप्पांनी पाणी मागवलं.
"ही हळद नाही," ते अगदी हळू म्हणाले. "हा मीना आहे, भट्टीत भाजलेला रंग." 
मग बोलत सुटले. कच्च्या मातीवर आधी सुईने चित्र कोरायचं. भाजायचं. मग कोरलेल्या रेघांच्या आत हिरवा मीना भरायचा, बाहेर पिवळा, आणि पुन्हा भट्टी. मला म्हणाले, "बोट फिरवून बघा, रेघ लागते." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. लहानपणी ताप आला की आई हा वाडगा हातात द्यायची, डोळे मिटून त्या रेघेवरून बोट फिरवत मी झोपायची. ते माझ्याकडे बघतच राहिले. असं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं असेल असं आठवत नाही. (माझ्यासाठी नव्हे, वाडग्यासाठी. पण तरीही.)
चित्रातल्या सापासारख्या प्राण्याला आम्ही पायांची वाम म्हणतो, वाम मासळीला पाय फुटावेत तशी, आणि ती नारळाच्या मागे लागलीय असं सांगतो. तो म्हणे चिनी बादशहाचा नाग. पायांना पाच-पाच नख्या म्हणजे राजवाड्यातला. आणि नारळ नव्हे, मोती. बुडाखाली निळी चिनी अक्षरं आहेत. काकू त्यांना यंत्र समजून रोज नमस्कार करतात. तिथे म्हणे कारकिर्दीचं नाव.
आप्पांची छाती फुगली. "आमचे खापरपणजोबा पलटणीबरोबर कारकून म्हणून चीनला गेले होते. तिथे बक्षीस मिळाला." का. खोकले. बक्षीस की काय ते विचारलं नाही. भला माणूस.
इथपर्यंत सगळं छान. मग आप्पांनी विचारलं, "म्हणजे खुद्द बादशहा यात जेवायचा?"
"नाही. बादशहा आणि पट्टराणी यांचा वाडगा नुसता पिवळा. पिवळ्यावर हिरवा नाग म्हणजे धाकट्या राणीचा."
काकूंच्या हातातली पोह्यांची बशी खाली. "धाकटी म्हणजे? सवत?"
"हो," का. भोळेपणाने म्हणाले. "तशा पुष्कळ होत्या."

१२ फेब्रु.
आळी पेटलीय. सवतीचा वाडगा! आजवर प्रत्येक नवरीला सवतीच्या वाडग्यातली हळद लागली! काकूंची विमल माझी जिवाची मैत्रीण. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. काकूंनी अलिबागहून पितळेचा नवा वाडगा आणवलाय. माझ्यापुढून तो झाकून नेला, जणू मला दिसणार नाही. 
विमल मागच्या दाराने आली, रडवेली. "शालू, आईने हट्टच धरलाय."
मी म्हटलं, "बरंच झालं. सुटले मी. आता तुझ्या लग्नात मी नुसती नटून मिरवणार."
म्हटलं खरं. ती गेल्यावर वाडगा मांडीवर घेऊन बसले. घासून घासून नागाचं नाक पुसट झालंय. मला राग आला. काकूंचा, त्या राणीचा आणि सरळ खोटं बोलता न येणाऱ्या त्या चष्मेवाल्याचा. एवढी वर्षं ज्याला वैतागले त्याला कुणी नाव ठेवलं तर मला का झोंबावं?

१४ फेब्रु.
कोळीवाड्यातली हिराबाय मासळीची पाटी घेऊन आली. तिच्या जानीची हळद येत्या गुरुवारी. पाटी उतरवायच्या आधीच, "शालूताय, वाडगा मना पायजे हां."
काकू कुंपणापलीकडून, "अगो हिरे, सवतीचा आहे तो!"
हिराबाय कमरेवर हात ठेवून वळली. "सवत व्हती ती तिकडं चीनला. मेली बिचारी कवाच. ती का आता बोटीनं येतंय माज्या जावयाला न्यायला?"
काकू आत गेल्या. मी दारातच बसून हसले. हिराबायने एक पापलेट जास्त टाकलं.

२० फेब्रु.
का. पुन्हा हजर. या वेळी पेंढा भरलेली लाकडी पेटी घेऊन. संग्रहालयाला वाडगा हवाय. काचेच्या कपाटात राहील, खाली घराण्याचं नाव. आळीला तो नकोसा झालाय हे त्यांना बंदरावरच कळलं होतं. रेवदंड्यात बातमी बोटीच्या आधी पोचते.
आप्पा म्हणाले, "तिच्या आईने जाताना तो तिच्या हाती दिलाय. तिला विचारा."
का. नी मला विचारलं. तोंड असं, की कुणाचं तरी वाईट सांगायला आलेत.
खरं सांगायचं तर पहिल्यांदा मन उडीच मारून उठलं. दिला की सुटका. "अजून तूच का गो" नाही. पण तोंडातून निघालं, "उद्या जानीची हळद आहे. ती झाल्यावर सांगते." 
"मी बघायला येऊ?"
"कपडे जुने घाला," मी म्हटलं.

२१ फेब्रु.
काय सुरेख दिवस गेला! लिहितानासुद्धा बोटं पिवळी आहेत, पानावर डाग पडतोय, पडू दे.
दुपारी हळद कालवली, वाडगा भरला आणि निघाले. वाजंत्री पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे का. दोन्ही हात पुढे करून चालत होते. वाडगा पडला तर झेलायला! सगळा कोळीवाडा बघत होता. हिराबायची नणंद मोठ्याने म्हणाली, "ह्यो कोन? वाडग्याचा बाप काय?"
जानी पाटावर बसली. बायकांनी गाणं धरलं. ऊन कलतं होतं, ते वाडग्यावर आडवं पडलं आणि कोरलेली रेघन्‌रेघ उठून आली, हळदीच्या ओल्या हातांमधून तो हिरवा नाग पळतोय असं दिसलं. इतकी वर्षं मी वाडगा फक्त नेला. आज पहिल्यांदा नीट पाहिला. तोही त्यांनी बोट दाखवलं म्हणून.
मग हिराबायने का. ना पकडलं. गालाला, कानाला, चष्म्याला हळद. ते तसेच उभे, डोळ्यांत पाणी. मला वाटलं हळद गेली डोळ्यात. पदर पुढे केला तर म्हणाले, "नाही हो. माझ्याकडे कपाटं भरून वस्तू आहेत, सगळ्या निवृत्त झालेल्या. ही एकटी अजून नोकरीत आहे."
तिथल्या तिथे सांगितलं, "वाडगा देणार नाही."
"नकाच देऊ," ते म्हणाले आणि एवढे मोठ्याने हसले की वाजंत्रीवाला थांबला. साहेबांपुढे काय तोंड दाखवणार विचारलं, तर म्हणे पिवळं.

२२ फेब्रु.
का. गेले. पेटी रिकामी परत न्यायची नाही म्हणून हिराबायने त्यात सुक्या कोळंबीचे सोडे भरून दिले. संग्रहालयाच्या साहेबांचं काय होईल ते होवो. 
घर उगाच मोठं वाटतंय आज.

३ मार्च
गोदाकाकू सकाळपासून तीनदा येऊन गेल्या. एकदा विरजण, एकदा सुई, एकदा काहीच नाही. शेवटी ओट्यावर बसल्या. "शालू, मी काय म्हणते. आता नवा कायदा झालाय ना? दुसरी बायको करताच येत नाही म्हणे. मग सवत येणार कुठून?"
"मग?" मी तांदूळ निवडतच राहिले.
"मग वाडग्याचा दोष गेला. सरकारनेच काढला."
"पण काकू, पितळेचा नवा वाडगा आणलाय ना तुम्ही? चांगला चकचकीत?"
काकूंनी मला चापट मारली आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. माझ्या आईची आठवण काढत होत्या. त्यांच्या हळदीला वाडगा माझ्या आत्याने आणला होता. राणी नसले तरी त्यांची एकुलती एक बायको होते, म्हणाल्या. काकांना जाऊन किती वर्षं झाली, पण काकूंना त्यांच्याबद्दल असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. 

६ मार्च
विमलची हळद. नेला वाडगा, ताठ मानेने नेला. का. आले होते, वाडग्याची रुंदी मोजायची राहिली म्हणून. विमल पाटावरूनच माझ्या कानात, "राहिली म्हणे! मागच्या वेळी टेप नव्हती का त्यांच्याकडे?" मी तिच्या नाकाला हळद फासली.
मला तो आवडतो. झालं. लिहिलं.

२४ मार्च
आज उंची मोजायला. आप्पा पेपराआडून, "कारखानीस, वाडगा वाढतोय का हो?"
का. चे कान लाल. पण जेवायला थांबले. मी केलेली तिरफळं घातलेली आमटी तीन वाट्या प्यायले. जाताना आप्पांनी स्वतः बंदरापर्यंत सोबत केली. गुडघे दुखतात म्हणून ते देवळातही जात नाहीत.

१६ एप्रिल
का. चा पत्ता नाही. परीक्षांचे पेपर तपासतेय. एका पोरीने लिहिलंय, रेवदंड्यात पूर्वी पोर्तुगीज राहत, आता बाई राहतात. पूर्ण मार्क दिले.
वाडगा फडताळात. आज पुसताना नुसतं बोट फिरवलं आणि उगाच चिडचिड झाली. मोजायला आणखी काही उरलंय की नाही त्यात? बुडाचा घेर आहे, काठाची जाडी आहे. अभ्यासू माणसाला सुचायला नको?

७ मे
आले. साहेबांनी महिनाभर नोंदी करायला बसवलं होतं. सोड्यांचा वास पेटीतून जात नव्हता, त्याचीही शिक्षा असावी.
किल्ल्याच्या भिंतीकडून वाळूवर चालत गेलो. ते ठिकऱ्या उचलत होते, मी चप्पल हातात घेऊन. अचानक थांबून म्हणाले, "मी वाडग्यासाठी येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?"
"माझ्या काय, बोटीतून उतरवून आणणाऱ्या पडाववाल्याच्याही लक्षात आलंय."
"मग?"
"मग काय?"
त्यांनी हातातली ठिकरी खिशात टाकली. मग म्हणाले, गिरगावात एक खोली आहे, आई आहे, नोकरी कायम व्हायचीय. सगळं असं सांगितलं की जणू वाडग्याला गेलेले तडे दाखवताहेत. शेवटी, "आईला घेऊन येऊ का?"
ते म्हणाले ते त्यांना पुन्हा म्हणायला लावावंसं वाटलं. म्हटलं, "बोट हलते. त्यांच्यासाठी लिंबू घ्या बरोबर."
परतताना ते पुढे पुढे चालत होते, घराची वाट सोडून भलतीकडेच. मी हाक मारून वळवलं.

९ मे
आप्पांना सांगितलं. म्हणाले, "एवढा वेळ का लागला त्याला?" मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.
मी म्हटलं, आप्पा, मी मुंबईला गेले तर तुम्ही? "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि वाडगा? त्यावर मात्र त्यांनी पेपर उघडला. 
आळीत तोच विषय. शालूचं ठरलं तर वाडगा शालूबरोबर जाणार की राहणार? हिराबाय म्हणते, "तुज्यामागं वाडगा बी मुंबैला ग्येला तं आमी पोरी कशा उजवायच्या?" काकू म्हणतात, जाऊ दे, मुलीचं सुख आधी. असं म्हणून डोळे पुसतात, म्हणजे त्यांचं मत उलट आहे. 
मला मुंबई हवी का? तो हवा. समुद्राशिवाय, पोरींशिवाय, या आगाऊ आळीशिवाय कशी राहीन मी? आणि त्याच्याशिवाय आता कशी... पुढचं सुचत नाही.

१९ मे, रविवार
पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एक. समुद्र खवळलेला, पडाव काठाला लागेना. मी भिंतीवरून बघत होते. का. पडावाच्या टोकाशी नाळेवर ओणवे, लिंबू हातात. आणि त्यांच्या मागे एक बुटक्या बाई, ताठ उभ्या, वहाणा काखोटीला. मुलाला पाठीवर थोपटत होत्या.
राहवलं नाही. गुडघाभर पाण्यात उतरून हात पुढे केला. बाईंनी हात धरला तो घट्टच. आधी मला पाहिलं, मग माझं भिजलेलं लुगडं, मग म्हणाल्या, "तूच ना ती शाळेतली? आधीच सांगून ठेवते. मला त्या वाडग्यात काडीचाही रस नाही."
मला इतकं हसू आलं की दोघी पाण्यात पडता पडता वाचलो.
जेवणं झाली. आप्पा आणि का. ची आई तळे गावच्या जुन्या गप्पांत. मी भांडी आवरत होते तर त्या स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या. सरळच म्हणाल्या, "तो लिहितो वाचतो तेवढंच, बाकी त्याला कळत नाही. म्हणून तुला विचारते. तुम्हा लोकांच्या शाळेत इतिहासाच्या मास्तरची जागा रिकामी आहे, असं तुझे वडील सांगत होते. आता तू मुंबईला यायचंस की आम्ही दोघांनी इथे यायचं? मला समुद्राचा त्रास होत नाही, पाहिलंस तू. पण तो संग्रहालय सोडून खूश राहील का, आणि तू आळी सोडून खूश राहशील का, हे तुमचं तुम्ही बघा. उद्या बोटीआधी सांग."
भरलेल्या पोटी त्यांना आणखी भात वाढायला गेले. त्या हसल्या.
नंतर ओट्यावर का. शी बोलले. पुष्कळ बोललो. ते हो म्हणाले आणि मीही हो म्हणाले. कशाला ते मला पक्कं ठाऊक आहे, मन एकदम हलकं झालंय, आता निवांत झोपेन. 
पण इथे लिहीत नाही. गोदाकाकू, मी शाळेत गेले की तुम्ही ही वही वाचता हे मला कधीपासून माहीत आहे. उद्या बंदरावर या, सगळ्यांबरोबर ऐका.